फासा कधी टाकू नये

परवा दुकानात एक पर्यटक आला. आधार कार्डाची झेरॉक्स हवी होती. मशीन गरम होईपर्यंत त्याने काउंटरवरचं आमचं पुस्तक उचललं, उलटसुलट केलं आणि विचारलं, "यावर काही छापायचं राहिलंय का?"

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एका खाडीचा नकाशा आहे. दोन काठ, मध्ये तीन बेटं, घरांचे ठिपके, एक पायवाट, एक पडका बांध. नाव मात्र एकही नाही. गावाचं नाही, बेटाचं नाही, पुस्तकाचं नावसुद्धा मागच्या बाजूला.

"नाही, ते तसंच आहे," मी म्हणालो. "कुमुदकाकींनी काढलंय."

जणू कुमुदकाकी कोण हे त्याला ठाऊक असणारच! तो 'अच्छा' म्हणाला आणि झेरॉक्स घेऊन गेला. त्यानंतर दिवसभर काकी काही माझ्या डोक्यातून गेल्या नाहीत.

शिरोड्यात एसटी स्टँडजवळ आमचं स्टेशनरीचं दुकान आहे. पुण्यातली नोकरी सोडून मी परत आलो तेव्हा सोबत दोन गोष्टी आणल्या होत्या, एक पाठदुखी आणि दुसरी जाडजूड इंग्रजी पुस्तकांची एक पेटी. ती पुस्तकं एका खेळाची होती. चारपाच माणसं टेबलाभोवती बसतात. एकजण सूत्रधार. तो प्रसंग सांगतो, की तुम्ही अमुक बंदरात उतरलात, समोर असं असं दिसतंय. बाकीच्यांनी एकेका माणसाची भूमिका घेतलेली असते. आपला माणूस आता काय करील हे ते बोलून सांगतात. जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. पट नाही, सोंगट्या नाहीत, शेवटी कोणी जिंकतही नाही. पुण्यात आम्ही हा खेळ वेड्यासारखा खेळायचो. इथे आल्यावर तीन महिने मी एकटाच ती पुस्तकं चाळत बसलो आणि मग वाचनालयाच्या फळ्यावर एक कागद लावला: 'गोष्टीचा खेळ. दर रविवारी दुपारी तीन ते सहा, स्टँडजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात. वय चौदा वर्षांवरील कोणीही.'

पहिल्या रविवारी तीनला पाच मिनिटं असताना दुकानाच्या पायरीवर एक बाई येऊन उभ्या राहिल्या. साठी ओलांडलेल्या, काटकुळ्या, खांद्याला कापडी पिशवी, हातात मिटलेली छत्री. आकाश स्वच्छ होतं.

"सूचना आपण लावली?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तीत वयाची वरची मर्यादा लिहिलेली नाही. ती लिहायची राहिली आहे, की नाहीच आहे?"

"नाहीच आहे."

"मग मी बसते," असं म्हणून त्या आत आल्या. दुकानामागच्या खोलीत चार खुर्च्या होत्या. चारही बघून, खिडकीतला उजेड डावीकडून येईल अशी एक त्यांनी निवडली. पुढची पाच वर्षं ती खुर्ची त्यांचीच होती.

कुमुदकाकी जवळच्या आरोंदा गावच्या. दर रविवारी एसटीने यायच्या. भूमी अभिलेख खात्यात अनुरेखक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. नकाशावर पारदर्शक कापड पसरून खालची रेघ न् रेघ शाईने वर उतरवायची, हे त्यांचं काम. यजमान वारलेले, लेक लग्न होऊन कोल्हापूरला. ही सगळी माहिती मला तुकड्यातुकड्यांनी, वर्षभरात मिळाली. स्वतःबद्दल त्या विचारल्याशिवाय बोलत नसत. इतरांना मात्र सारखं विचारत.

त्या दिवशी आणखी दोघं आले. रुपेश, शिरोड्याचाच, आपल्या बापाच्या होडीवर मासेमारी करणारा, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. आणि रेवती, बँकेतली कॅशियर, बदली होऊन नुकतीच आलेली, ओळखी नसल्यामुळे कंटाळलेली. एवढाच आमचा मेळा आणि तो तेवढाच राहिला.

मी तयार भूमिकांचे कागद पुढे ठेवले. योद्धा, जादूगार, चोर, पुजारी. काकींनी सगळे वाचले.

"ह्यांच्यात काम करणारो कोण आसा?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे पोट कशार भरतत हे?"

पुण्यात इतकी वर्षं खेळून हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. शेवटी काकींनी कोरा कागद मागितला आणि आपली भूमिका स्वतः तयार केली. नाव पारू. वय पंचावन्न. धंदा, तरीवरून, म्हणजे होडीतून, माणसं खाडीपलीकडे नेणं. सामर्थ्याच्या रकान्यात लिहिलं, 'वल्हं'. उणिवेच्या रकान्यात, 'उजवा गुडघा. शिवाय गप्प बसवत नाही.'

खेळ सुरू झाला आणि मला त्यांची एक गंमत कळली. पारू म्हणून बोलताना काकी मालवणीत बोलायच्या, तेही ठसक्यात. "रे, माझ्या होडयेत तलवार घेवन बसू नको. भोक पडला तर तुझो बापूस येतलो बुजवक?" पण नियमाचा विषय निघाला रे निघाला, की पाठ ताठ व्हायची आणि कचेरीतली मराठी सुरू. "हा नियम संदिग्ध आहे. यात कर्ता कोण?" एकदा रेवतीने त्यांना याबद्दल छेडलं.

"अगो," काकी म्हणाल्या, "नियम सगळ्यांका लागता, म्हणान तो कागदार शोभात अशा भाषेत बोलूचो. पण होडयेत बसल्यार कागद खंय आसता?"

तिसऱ्या रविवारी त्यांनी नियमांचं मूळ पुस्तक घरी न्यायला मागितलं. चारशे पानी, इंग्रजी, बारीक टाईप. पंधरा दिवसांनी परत आणलं तेव्हा त्याला खाकी कव्हर घातलेलं होतं आणि सोबत फुलस्केपचे नऊ कागद होते, समास सोडून, ओळीत ओळ. वर शीर्षक, 'शेरे'.

ते कागद माझ्याकडे अजून आहेत. काकींची मतं ठाम होती आणि ती कुठून येतील याचा नेम नसे. या खेळांत प्रत्येकाच्या जिवाला आकडा असतो. वार बसला की तो कमी होत जातो आणि शून्य झालं की माणूस मेला. त्यावर काकींचा शेरा: 'या इसमास तेरा वेळा भोसकले असता तो लढत राहतो व चौदाव्या वेळी मरतो. मधल्या तेरा वेळा त्यास काय झाले याचा खुलासा नाही.' त्यांची सूचना अशी, की आकडा काढून टाकावा आणि काय दुखावलं ते शब्दांत लिहावं. 'उजवा खांदा. पंधरा दिवस वल्हं मारता येणार नाही.' आम्ही तसं करून पाहिलं. त्या दिवसापासून आमच्या खेळातल्या मारामाऱ्या निम्म्याने कमी झाल्या. आकडा गेला तर कोणाला वाईट वाटत नाही. खांदा गेला की वाटतं.

उलट काही नियमांची त्यांनी बाजूही घेतली. माणूस किती ओझं वाहू शकतो, याचा एक किचकट नियम त्या पुस्तकात आहे. पुण्यात आम्ही तो कधी पाळला नाही. बहुतेक कोणीच पाळत नाही. काकींनी लिहिलं होतं: 'संपूर्ण पुस्तकात हा एकच नियम लिहिणाऱ्याने स्वतः काहीतरी उचलून पाहिल्यावर लिहिलेला दिसतो. कायम ठेवावा.'

आणि फासा. रेवतीने चिमी नावाची पाडेलीण घेतली होती. माडावर चढून नारळ पाडणं हाच तिचा धंदा. एकदा टेहळणीसाठी चिमी माडावर चढते असं रेवती म्हणाली आणि मी सवयीने म्हटलं, "टाक फासा." काकींनी पटकन फाशावर तळहात ठेवला.

"कशासाठी?"

"चढते की पडते ते बघायला."

"ती रोज काय करते?"

"माडावर चढते."

"मग?" काकी म्हणाल्या आणि पिशवीतून वही काढून तिथल्या तिथे नियम लिहिला. 'जो माणूस रोज माडावर चढतो, त्याच्या माडावर चढण्यासाठी फासा टाकू नये. झावळ ओली असल्यास, अंधार असल्यास, अथवा खाली कुत्रा उभा असल्यास टाकावा.'

रुपेश हसत हसत म्हणाला, "काकीनू, कुत्रो खाली आसलो तर ती आणखी बेगीन चढतली."

काकींनी विचार केला. "बरोबर आहे," म्हणाल्या आणि कुत्रा खोडला.

त्यांना हरायला लाज वाटत नसे. मला वाटतं, त्यांच्या कुतूहलाचं मूळ तिथेच होतं. आपलं चुकलं, म्हणजे समोरच्याला काहीतरी जास्त माहीत आहे, म्हणजे आता त्याला विचारता येईल, असा त्यांचा आनंदी हिशेब असायचा.

स्थळांबद्दल त्यांचं मत त्याहून कडक. पुस्तकातल्या एका बंदर-शहराचा मोठा रंगीत नकाशा मी अभिमानाने टेबलावर पसरला होता. मनोरे, राजवाडा, जादूगारांची शाळा. काकींनी भिंग काढलं आणि शांतपणे दहा मिनिटं पाहिला.

"हयसर सकाळी पयला दार कोणाचा उघडता?"

"माहीत नाही."

"मासळी खंयच्या बाजूक सुकत घालतत?"

मी नकाशावर बोट ठेवलं. कोळीवाडा पश्चिमेला, राजवाडा बरोबर त्याच्या मागे. रुपेशला हसू आवरेना. "राजा नाक दाबून बसता की काय थय?"

"मगे ह्या गाव नाय रे," काकी मला म्हणाल्या, समजूत काढल्यासारख्या. "चित्र आसा. बरा आसा, पण चित्र आसा."

तेव्हापासून आम्ही स्वतःची खाडी उभी करायला घेतली. नऊ गावं. प्रत्येक गावाबद्दल पहिली नोंद एकच, सकाळी पहिलं दार कोणाचं उघडतं. कुठे पाववाल्याचं, कुठे देवळाच्या गुरवाचं, कुठे झोप न येणाऱ्या एका म्हातारीचं. या एका प्रश्नातून केवढी गोष्ट निघते हे मी सूत्रधार असून त्यांच्याकडून शिकलो. नकाशा अर्थात काकीच काढायच्या. दर रविवारी एकदोन रेघा वाढायच्या. रेघ मारण्याआधी त्या पेन हातात धरून क्षणभर थांबत. इतका वेळ का थांबतात, असं मी एकदा स्टँडवर त्यांच्यासोबत एसटीची वाट पाहताना विचारलं.

"सवय नाय रे," त्या म्हणाल्या. "तेत्तीस वर्सां दुसऱ्याची रेघ गिरवलंय. आपली मारूक हात धजत नाय."

मग गाडी येईपर्यंत त्यांनी एक हकिगत सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला एका गावाचा नकाशा त्यांच्याकडे उतरवायला आला. त्यातली एक विहीर चुकीच्या बाजूला दाखवली होती. ते गाव काकींच्या माहितीतलं. विहीर कोणाच्या जमिनीत आहे हे त्यांना डोळ्यांनी ठाऊक होतं. पण अनुरेखकाने मूळ नकाशात बदल करायचा नसतो. चूक असली तरी चूक गिरवायची. त्यांनी वरिष्ठांना सांगितलं, तर उत्तर आलं की तुमचं काम रेघेवर रेघ एवढंच. त्यांनी गिरवली. पुढे त्या विहिरीवरून दोन घरांचं बोलणं तुटलं ते तुटलंच.

"नियम बरोबर होतो हां," काकी म्हणाल्या. "अनुरेखक बदल करूक लागलो तर कोणाच्याच जमिनीचो भरवसो ऱ्हवचो नाय. पण तुमच्या ह्या खेळात माका एक नवल वाटता. खेळणारेच नियम बदलतत. आणि तरी खेळ मोडत नाय. असा कसा काय?"

प्रश्न खरोखरचा होता. तेवढ्यात गाडी आली.

दुसऱ्या वर्षी श्रावण सरता सरता जे घडलं, ते सांगायला मी अजून बिचकतो, कारण चूक माझी होती.

रुपेशने खेळात सायबा नावाचा खलाशी घेतला होता. आमचा मेळा खाडीच्या मुखातून बाहेर पडत होता. मी वादळ आणलं. पुस्तकातला नियम साधा होता. वादळात प्रत्येकाने फासा टाकायचा, एक पडला तर तो माणूस पाण्यात गेला आणि बुडाला. रुपेशने टाकला. एक पडला.

तो आकडा बघितल्यावर मला आठवलं. आधी आठवायला हवं होतं, पण नाही आठवलं. रुपेशचा थोरला भाऊ, मी परत यायच्या आदल्या वर्षी, हंगामाच्या पहिल्या फेरीला गेला आणि परत आला नाही. होडी मिळाली. तो नाही मिळाला.

"पुन्हा टाक," मी घाईने म्हणालो. "तो धरायचा नाही. फासा टेबलाच्या कडेला लागला."

"नाय लागलो," रुपेश म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "पडलो तो पडलो. बुडलो सायबा."

त्याने कागद फाडायला हातात घेतला. रेवती माझ्याकडे बघत होती, मी टेबलाकडे.

"थांब," काकी म्हणाल्या. मग पाठ ताठ करून, कचेरीच्या मराठीत: "बुडाला हे कोणी पाहिलं?"

"नियमात लिहिलंय," मी म्हणालो.

"नियमात 'बुडाला' असं लिहिलं आहे. कोणी पाहिलं ते लिहिलेलं नाही. पंचनामा नाही. जबाब नाही. तो पाण्यात पडला, इथपर्यंतच नोंद होऊ शकते. त्यापुढची नोंद मी करू देणार नाही." आणि मग एकदम आवाज बदलून, पारू होऊन, रुपेशकडे वळून: "मी होडी पाण्यात घालतंय. तू माका सांग. वारो खंयचो होतो?"

मला वाटलं आता रुपेश उठून जाईल.

"नैऋत्य," तो म्हणाला.

"आणि पडलो तेव्हा पाणी भरतीचा की ओहोटीचा?"

"ओहोटीचा. सुकती लागलेली. अर्धो तास झालेलो."

"मगे आता तो खंय आसतलो?"

रुपेशने काकींचा नकाशा स्वतःकडे ओढला आणि बोलायला लागला. पहिल्या तासात पाणी कुठे ओढतं, खडकाच्या टोकाला ते कसं वळतं, वाळूच्या दांड्यावर आलं की दोन वाटा कशा होतात आणि नैऋत्य वारा असला तर माणूस कुठल्या वाटेने जाईल. कुठे बघण्यात अर्थ नाही, कुठे तिसऱ्या दिवशी बघायला हवं. तासभर तो बोलत होता. आम्हा तिघांनाही कळलं की हे तो आता विचार करून सांगत नाहीये. हे सगळं त्याने भाऊ गेला त्या वर्षीच जुळवून ठेवलं होतं.

"ह्या तू तेव्हा सांगललंस कोणाक?" काकींनी विचारलं.

"कोणी इचारलाच नाय," रुपेश म्हणाला. "मोठे मोठे लोक इल्ले शोधूक. माझा कोण ऐकतलो? ते उत्तरेक गेले. आम्ही मगे त्याच्या जाग्यार दर्भाचो पुतळो जाळलो."

त्यानंतरचे तीन रविवार खेळात दुसरं काही झालं नाही. पारू, चिमी आणि मी चालवत असलेली गावातली माणसं, सगळे सायबाला शोधत होते, रुपेश सांगेल त्या वाटेने. काकी नकाशावर पाहून झालेली जागा बारीक तुटक रेघेने दाखवत जायच्या. फासा मी खिशात ठेवला होता. चौथ्या रविवारी वाळूच्या दांड्याच्या टोकाला पोचलो तेव्हा मी थांबलो. सापडला म्हणू? जिवंत म्हणू?

"ह्या रुपेश सांगतलो," काकी म्हणाल्या.

रुपेशने नकाशावर दांड्याच्या टोकाला बोट ठेवलं. मग म्हणाला, "गावलो."

"जिवंत?" रेवतीने हळूच विचारलं.

"नाय गो. पण गावलो."

पारूने आपलं लुगडं फाडून त्याला झाकलं, असं काकी म्हणाल्या. त्याला होडीत घातलं आणि घरी आणलं. गावाने काय काय केलं ते रुपेशनेच सांगितलं, शेवटपर्यंत, एकही गोष्ट न गाळता. सहा वाजून गेले होते. रेवतीने उठून पंखा बंद केला, कारण त्याचा आवाज नकोसा झाला होता.

पुढच्या रविवारी रुपेश येईल की नाही याची मला खात्री नव्हती. तो आला, नवी भूमिका घेऊन. आणि काकींच्या वहीत नवा नियम होता. आमच्या छापील पुस्तकात तो पान सव्वीसवर आहे, त्यांच्याच शब्दांत: 'पाण्यात गेलेल्या माणसाला फासा टाकून मारू नये. त्याचा शोध घ्यावा. शोध किती दिवस घ्यावा व कुठे थांबावा, हे ज्याचा माणूस त्याने ठरवावे.'

पुस्तक छापायची कल्पना रेवतीची. चार वर्षांत वहीत एवढे नियम आणि एवढी खाडी जमली होती की चोपडं सहज झालं असतं. मजकूर ठरायला वेळ लागला नाही. भांडण झालं ते मुखपृष्ठावर.

मी पुण्याच्या मित्राकडून एक चित्र करून घेतलं होतं. उसळलेली लाट, तिच्यावर गलबत, गलबताच्या टोकावर तलवार उपसलेला माणूस. जोरदार चित्र होतं. काकींनी भिंग न लावताच सांगितलं, "हा माणूस आत कुठल्या पानावर आहे?"

"तसा कुठेच नाही. पण भाव..."

"मग वाचक आत त्याला शोधत राहील. मुखपृष्ठ हे आश्वासन असतं. आपण आत जे देतो तेच बाहेर दाखवावं."

त्यांनी पिशवीतून आपला कागद काढला. तोच, नावं नसलेला नकाशा. मी म्हटलं, हे मोजणीच्या अर्जासारखं दिसतंय. काकी थोड्या दुखावल्या, पण हटल्या नाहीत. शेवटी रुपेशने तोडगा काढला. दोन्ही कव्हरांच्या रंगीत झेरॉक्स काढायच्या, कोऱ्या वह्यांना चढवायच्या आणि बाजाराच्या दिवशी दुकानासमोर टेबल मांडून ठेवायच्या. लोक काय उचलतात ते बघायचं.

काकी सकाळी आठच्या गाडीने हजर. खुर्ची टाकून, वही मांडीवर घेऊन, दोन रकाने आखून दुपारपर्यंत बसल्या. तलवारवाला भराभर उचलला जाऊ लागला. मुलं, कॉलेजचे पोरगे, दोन पोलीससुद्धा. नकाशाकडे कोणी फिरकेना. माझा आनंद चेहऱ्यावर दिसत असावा.

अकराच्या सुमाराला भाजीची पिशवी घेतलेले एक आजोबा थांबले. त्यांनी नकाशा उचलला. लांब धरला, जवळ धरला, आडवा केला.

"बाय," ते काकींना म्हणाले, "ह्यात आमचा घर खंय आसा?"

"तुम्ही सांगा," असं म्हणून काकींनी त्यांच्यापुढे पेन्सिल धरली.

आजोबांनी पिशवी खाली ठेवली आणि एका ठिपक्याभोवती गोल केला. मग शेजारी माड काढले. मग म्हणाले, ही पायवाट इथून चुकीची जाते, अशी वळायला हवी, नाहीतर ओहोळ आडवा येईल. मासे घेऊन घरी निघालेल्या दोघी बायका खांद्यावरून डोकावू लागल्या आणि त्यांनी वाद घातला. अर्ध्या तासाने त्या कव्हरावर कोरी जागा उरली नव्हती.

दुपारी काकींनी वही मिटली आणि निकाल वाचला, प्रामाणिकपणे. "तलवार: उचलणारे जास्त. सगळ्यांनी ठेवून दिलं. नकाशा: उचलणारे चार. एकानेही ठेवला नाही, आपणच काढून घेतला. तुझं चित्र हाक मारतं रे अवधूत, हे मला मान्य आहे. मी तसं काढू शकणार नाही." मग थोडं थांबून: "पण हाक मारून पुढे काय बोलायचं, ते त्याला ठाऊक नाही."

नकाशाच छापला. तलवारवाल्याचं पोस्टर करून आम्ही दुकानात लावलं, तेही काकींच्याच आग्रहाने.

पुढच्या वर्षी त्यांच्या लेकीला बाळ झालं आणि काकी कोल्हापूरला गेल्या. दोन महिन्यांसाठी म्हणून गेल्या त्या तिथेच राहिल्या. रविवार चालू आहेत, नवी माणसं आली आहेत.

गेल्या हिवाळ्यात कागदाच्या खरेदीला मी कोल्हापूरला गेलो आणि त्यांना भेटलो. त्या मला बसू देईनात. लेकीच्या सोसायटीतल्या पाच बायका त्यांनी खेळाला जमवल्या होत्या, आणि मोठी अडचण उभी राहिली होती.

"अरे, हय कोण होडयेत बसाकच तयार नाय," त्या सांगत होत्या, डोळे चमकवत. "एक म्हणता, माझी बाई गुऱ्हाळावर आसा. दुसरी म्हणता, माझी तालमीत दूध घालता. माका गुऱ्हाळातला काय म्हायत? काहीच नाय! गुळाच्या कायलीखाली जाळ किती वेळ घालतत, माका नाय ठाऊक. सगळा पहिल्यापासून इचारूचा लागतला. किती बरा!"

संध्याकाळी आम्ही पंचगंगेच्या घाटापर्यंत चालत गेलो. माझ्या परतीच्या गाडीची वेळ झाली म्हणून मी रिक्षा थांबवली, त्यांच्या पाया पडलो आणि निघालो. वळणावर मागे पाहिलं. पाण्यात एकजण म्हशी धूत होता. काकी वरच्या पायरीवर उभ्या राहून त्याला काहीतरी विचारत होत्या. त्याने आधी दुर्लक्ष केलं. मग म्हशीच्या पाठीवरचा हात उचलून त्याने नदीच्या पलीकडे कुठेतरी दाखवलं आणि सांगायला सुरुवात केली. काकींना नीट ऐकू येत नसावं. त्यांनी निऱ्या किंचित वर धरल्या आणि एकेक पायरी उतरत त्या पाण्याच्या दिशेने निघाल्या.